आरोग्याचा पैसा आणि आमदारांचे प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन आलं की आमच्या आरोग्य गटात तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर नाही, हे आमदारांना सांगून काही होतं का? मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं, मग औषधं का आली नाहीत? विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या गेली काही वर्षं मी नेमाने वाचते. त्या वाचनातून जे उमगलं ते इथे एकत्र केलं आहे. सगळी उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हे विषय राज्याच्या यादीत आहेत. पहिला जाब मुंबईत किंवा नागपुरात विचारायचा, दिल्लीत नंतर.

आरोग्याचा प्रश्न नेमका कोणत्या मंत्र्याला विचारायचा?

इथेच निम्मे प्रश्न वाया जातात. ‘सरकारी दवाखाना’ हा आपल्यासाठी एकच शब्द असला तरी सरकारदरबारी त्याचे मालक वेगवेगळे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही साखळी सार्वजनिक आरोग्य विभागाची. तिच्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं रोजच्या कारभारासाठी जिल्हा परिषदेकडे असतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांना जोडलेली रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. महापालिकेची रुग्णालयं महापालिकेची, त्यामुळे त्यांच्याबद्दल विधिमंडळात विचारायचं तर वाट नगरविकास विभागातून जाते. मुंबईत भायखळ्याचं जे. जे. राज्य सरकारचं आणि परळचं केईएम महापालिकेचं. दोन्हीकडे तितकीच गर्दी आणि तितकीच रांग, पण उत्तर देणारा माणूस निराळा.

त्यात भर अशी की अनेक जिल्ह्यांत नवीन वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि जुनं जिल्हा रुग्णालय त्याला संलग्न झालं. इमारत तीच, पाटी बदलली, विभाग बदलला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हा निर्णय त्या विभागापुरताच होता, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपरचे पैसे का घेतात, हे लोकांना कळेना. आमदाराने हा प्रश्न आरोग्यमंत्र्यांना विचारला, तर ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढंच उत्तर मिळून प्रश्न संपू शकतो.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांतली १२ नवजात बाळं होती. जबाबदारी वैद्यकीय शिक्षण विभागाची होती. पण खालच्या रुग्णालयांतून अत्यवस्थ रुग्ण शेवटच्या घटकेला तिथे का पाठवावे लागतात, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता. असा विषय एकाच मंत्र्याला विचारला की अर्धाच उलगडतो. अंगणवाडीतला पोषण आहार महिला व बालविकास विभागाकडे, आश्रमशाळेतल्या मुलींच्या रक्तक्षयाची जबाबदारी आदिवासी विकास विभागावर आणि औषधांचा दर्जा तपासणं अन्न व औषध प्रशासनाचं काम. मेळघाटातल्या बालमृत्यूंची चर्चा इतकी वर्षं चालली आहे, तिचा धागा अनेकदा या विभागांच्या मधल्या फटीतच सुटतो.

तारांकित, अतारांकित, लक्षवेधी… यांत फरक काय?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. छापील उत्तर विभागातल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं, उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना स्वतः तोंड द्यावं लागतं, म्हणून खरी ताकद उपप्रश्नात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. तातडीचा विषय असेल तर अल्पसूचना प्रश्न. लक्षवेधी सूचना म्हणजे एखाद्या निकडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणं. त्यावर मंत्री निवेदन करतात आणि मग प्रश्न होतात. उत्तराने समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. मोठ्या विषयावर विधानसभेत नियम २९३ खाली आणि विधान परिषदेत नियम २६० खाली चर्चा लागते.

पेपरात लक्षवेधीच्या बातम्या जास्त येतात. मला विचाराल तर पैशाचा माग काढायला अतारांकित प्रश्न सर्वांत कामाचा. त्यात नाट्य काही नाही, पण आकडे लेखी मागता येतात आणि ते विभागाच्या नावावर कायमचे नोंदले जातात.

प्रश्नांची छापील भाषा अशी ठरावीक का असते?

तारांकित प्रश्नोत्तरांची यादी उघडली की साचा दिसतो. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग (१) अमुक रुग्णालयात अमुक महिन्यात औषधांचा तुटवडा निर्माण झाला, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) चौकशीत काय आढळून आले व तद्नुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरही ठरलेलं. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

पहिल्या कलमाला ‘नाही’ म्हटलं की पुढची तिन्ही आपोआप गळतात. म्हणून पहिलं कलम कसं लिहिलं आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं. ‘औषधांचा तुटवडा’ ढोबळ आहे. पॅरासिटामॉलच्या गोळ्या असल्या तरी ‘तुटवडा नाही’ असं म्हणता येतं. त्याऐवजी ‘सर्पदंशावरील प्रतिविष जून ते ऑगस्ट या काळात किती दिवस शिल्लक नव्हते’ असं विचारलं तर उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर मी तिथे पेन्सिलने खूण करते. कोणता अंश खरा, एवढाच उपप्रश्न आमदाराने विचारला तरी पुष्कळ काही बाहेर येतं.

मंत्री म्हणतात निधी दिला, डॉक्टर म्हणतात आला नाही. खोटं कोण बोलतं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. दोघं वेगवेगळ्या आकड्यांबद्दल बोलत असतात. सगळ्या प्रश्नांमधला हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते.

पैसा रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचताना त्याची नावं बदलतात. विधिमंडळाने मंजूर केली ती तरतूद. वित्त विभागाने वापरायला मोकळीक दिली आणि बीम्स या संगणक प्रणालीतून खालच्या अधिकाऱ्याकडे गेलं ते वितरण. कोषागारातून देयक मंजूर होऊन पैसे गेले तो खर्च. यात आणखी पायऱ्या आहेत : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. तरतूद शंभर रुपयांची असून वितरण साठाचं आणि खर्च चाळिसाचा असू शकतो. सभागृहात मंत्र्यांनी शंभरचा आकडा सांगितला तर तो खोटा नसतो, आणि रुग्णालयात काहीच दिसत नाही म्हणणारा डॉक्टरही खोटं सांगत नसतो.

वर्षाचे महिनेही पाहावे लागतात. पैसे डिसेंबरपर्यंत अडकले आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम सुटले की खरेदीची घाई होते. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर निधी समर्पित करावा लागतो, म्हणजे परत जातो. काही वेळा तो परत जाऊ नये म्हणून दुसऱ्या खात्यात वळवून ठेवला जातो. हिशेबात खर्च दिसतो, वस्तू मात्र आलेली नसते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असतो. तिथे आणखी एक खोळंबा : आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो, आणि त्याची झळ कंत्राटी परिचारिकेच्या पगाराला बसते.

म्हणून प्रश्न विचारताना चारही आकडे एकत्र मागावेत, तेही लेखाशीर्षाचं, म्हणजे हिशेबातल्या खर्चाच्या खात्याचं, नाव घेऊन. ‘सन अमुकमध्ये अमुक लेखाशीर्षाखाली तरतूद किती, वितरित किती, प्रत्यक्ष खर्च किती, समर्पित किती, आणि खर्च महिनानिहाय किती?’ या एका वाक्याला बगल देणं अवघड जातं.

औषधखरेदीत हे अगदी स्पष्ट दिसतं. २०१७ पासून खरेदीचं काम हाफकिन या सरकारी औषधनिर्माण महामंडळाकडे सोपवलं होतं. पुढे २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं राहिलं. विभागाने पैसे खरेदी करणाऱ्या संस्थेकडे वर्ग केले की विभागापुरतं काम झालं. निविदा निघून, पुरवठादार ठरून गोळी फार्मासिस्टच्या फडताळात येईपर्यंत किती महिने गेले, हे वेगळं विचारावं लागतं.

अर्थसंकल्पात आरोग्याचा आकडा शोधायचा कुठे?

अर्थमंत्र्यांच्या भाषणात नाही. भाषणात घोषणा असतात. विभागवार अर्थसंकल्पीय अंदाजांची पुस्तकं असतात, ती विधिमंडळात सादर होतात आणि राज्याच्या संकेतस्थळावर मिळतात. वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याच्या महसुली, म्हणजे चालू खर्चाचं मुख्य लेखाशीर्ष २२१०, कुटुंब कल्याणाचं २२११, आणि इमारती-यंत्रांसारखा भांडवली खर्च ४२१० खाली. प्रत्येक ओळीत आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो.

मी आधी मूळ आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवून बघते. सुधारित आकडा घसरला असेल तर वर्षाच्या मधेच कात्री लागली. दुसरं, महसुली खर्चातला वेतनाचा वाटा किती आणि ‘सामग्री व पुरवठा’ किती. पगार द्यायलाच हवेत, पण औषधाची ओळ तिथल्या तिथेच राहिली आणि बाह्यरुग्ण वाढत गेले तर रुग्णाला चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळणार. दोन्ही प्रश्न आमदाराच्या हातात द्यायला उत्तम.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावी, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्याची आठवण दर अर्थसंकल्पी अधिवेशनात करून द्यायला हवी.

पुरवणी मागण्या म्हणजे काय? त्या इतक्या घाईत का मंजूर होतात?

मार्चमध्ये मंजूर झालेली रक्कम पुरली नाही, किंवा नवीन काम निघालं, तर घटनेच्या कलम २०५ खाली सरकार पुन्हा सभागृहाकडे येतं. महाराष्ट्रात हे जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात होतं. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात तर ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. अर्थसंकल्प सादर होऊन तेव्हा काही दिवसच झाले होते.

चर्चेला वेळ थोडा आणि मागण्यांचं पुस्तक जाड, ही अडचण खरी आहे. पण याच पुस्तकात बरीच मौल्यवान माहिती असते, कारण प्रत्येक मागणीखाली कारण छापलेलं असतं. जन आरोग्य योजनेसाठी जादा रक्कम मागितली असेल, तर मूळ अंदाज कमी का धरला, हे विचारता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण प्रति कुटुंब दीड लाखावरून पाच लाख रुपये झालं. खर्च वाढणार हे उघड होतं. मग त्यातला किती पैसा खासगी रुग्णालयांना गेला आणि किती सरकारी रुग्णालयांनी मिळवला, ही विचारण्याजोगी गोष्ट आहे.

आमदार आरोग्याचा निधी वाढवू शकतात का?

थेट नाही. कलम २०३ नुसार खर्चाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीनेच, म्हणजे प्रत्यक्षात सरकारकडूनच येते. आमदार मागणी मंजूर करू शकतात, नाकारू शकतात किंवा कमी करू शकतात. वाढवण्याचा अधिकार त्यांना नाही.

म्हणून एक विचित्र वाटणारी पद्धत रुळली आहे. निधी वाढवून हवा असलेला सदस्य कपात सूचना देतो. लोकसभेच्या पद्धतीत धोरणाला विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणावी असं सुचवतात, आणि एखाद्या गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधायचं असेल तर १०० रुपये कमी करावेत असं. त्या १०० रुपयांच्या निमित्ताने ग्रामीण रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाच्या रिक्त पदावर बोलता येतं. आपल्या आमदारांनी आरोग्याच्या मागणीवर कपात सूचना दिली, अशी बातमी वाचून कुणी त्यांच्यावर चिडू नये. बहुधा ते आपलंच म्हणणं मांडत असतात.

सूचना मताला टाकून मंजूर झाली तर सरकारवरचा विश्वासच डळमळतो, कारण कलम १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं. प्रत्यक्षात ती मागे घेतली जाते किंवा फेटाळली जाते. वेळ संपला की चर्चा न झालेल्या मागण्या एकदम मताला टाकून मंजूर करतात. आरोग्याची मागणी अशी चर्चेविना गेली, तर त्या वर्षीची सर्वांत मोठी संधी गेली असं मी समजते.

विधान परिषदेला यात काही अधिकार आहे का?

मागण्यांवर मतदान फक्त २८८ सदस्यांची विधानसभा करते. ७८ सदस्यांची परिषद चर्चा करते आणि धन विधेयक १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. पण प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा हे सगळं तिथेही आहे. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचे आमदार तिथे असतात. तुमच्या विधानसभेच्या आमदाराने दाद दिली नाही तर ही दुसरी खिडकी उघडी आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं.

मंत्री म्हणाले ‘महिन्यात करतो’. पुढे काय होतं?

सभागृहात दिलेला शब्द हवेत विरत नाही. विधिमंडळाची आश्वासन समिती असते. मंत्र्यांनी ‘तपासून घेऊ’, ‘चौकशी करू’, ‘विचाराधीन आहे’ असं म्हटलं की ते आश्वासनांच्या यादीत येऊ शकतं आणि विभागाला त्याची पूर्तता कळवावी लागते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे.

तरीही आश्वासनांचा ढीग साठतो. इथे बाहेरच्या माणसाने हात दिला तर फरक पडतो. कार्यवृत्तातलं, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या छापील नोंदीतलं, नेमकं वाक्य, तारीख आणि प्रश्नाचा क्रमांक टिपून ठेवा. पुढच्या अधिवेशनाआधी तो कागद आमदारांना द्या, म्हणजे नवीन प्रश्नाची सुरुवात ‘दिनांक अमुक रोजी सभागृहात आश्वासन दिले होते, हे खरे आहे काय’ अशी होते. त्याला ‘हे खरे नाही’ म्हणता येत नाही.

मोठी दुर्घटना झाली की चर्चा होते. त्याचा उपयोग होतो का?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्यातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्याच दिवशी अकरा रुग्णांचा जीव गेला.

या दोन तारखांच्या मध्ये दहा महिने आहेत. त्या दहा महिन्यांत ‘तपासणीचे आदेश दिले आहेत काय’ या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असंच येणार होतं. विचारायला हवं होतं ते वेगळंच : किती रुग्णालयांची तपासणी पूर्ण झाली, दोष किती ठिकाणी निघाले, दुरुस्तीला किती रक्कम लागेल, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली मंजूर झाली, आणि विद्युत विभागाने काम संपवल्याचा दाखला किती रुग्णालयांनी घेतला. त्या बाळांच्या आयांसमोर उभं राहायचं तर एवढं तरी विचारलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. निलंबनाची घोषणा झाली की सभागृह शांत होतं. तारा मात्र त्याच राहतात.

कॅगच्या अहवालाचं पुढे काय होतं?

कॅग म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक. कलम १५१ नुसार त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो, अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी. त्यामुळे त्यावर लगेच चर्चा होत नाही. पुढची छाननी लोकलेखा समिती करते; तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा संकेत आहे. समिती सचिवांना बोलावून विचारते आणि तिथे पक्षाचा आवेश कमी, कागद जास्त असतो. जिल्हा परिषदांसाठी पंचायत राज समिती आहे. तिचा दौरा लागला की प्राथमिक आरोग्य केंद्राला रंग लागतो, साठा नोंदवह्या अद्ययावत होतात. तेवढ्यापुरतं का होईना, कुणीतरी नोंदवही उघडतं.

गोंधळात कामकाज तहकूब झालं तर प्रश्न बुडतो का?

तोंडी उत्तर बुडतं. छापील उत्तर पटलावर ठेवलेलं मानलं जातं. पण उपप्रश्न निघून जातात आणि वर म्हटलं तसं, जीव त्यांतच असतो. बंद पडलेला प्रश्नोत्तराचा तास कुणाच्याही राजकारणापेक्षा रुग्णाला महाग पडतो. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात संसदेत कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी प्रश्न चालू होते. आरोग्यावर सर्वाधिक विचारण्याची वेळ नेमकी तीच होती.

उत्तर चुकीचं असेल तर?

आमदार अध्यक्षांच्या लक्षात आणून देऊ शकतात, प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करू शकतात, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असं वाटलं तर हक्कभंगाची सूचना देऊ शकतात. पुरावा लागतो. तो सहसा स्थानिक माणसाकडेच असतो.

खासदारांना काय विचारावं?

राज्याला राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा केंद्रीय वाटा कधी मिळाला, नागपूरच्या एम्समधली रिक्त पदं, लसींचा पुरवठा, कामगार राज्य विमा योजना. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबद्दल विचारलं तर ‘हा राज्याचा विषय आहे’ असं उत्तर मिळणार, आणि ते बरोबरच असतं.

मी साधी नागरिक आहे. आमदारांकडून प्रश्न विचारून घ्यायचा तर कसं करायचं?

अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. तारांकित प्रश्नांच्या सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येकाच्या दोन महिने आधी कामाला लागलेलं बरं.

आधी स्वतः माहिती काढा. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १० रुपयांत होतो. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मंजूर पदं, भरलेली पदं, औषधसाठ्याची नोंद, रुग्णवाहिकेचं लॉगबुक, एवढ्यावर एकेक अर्ज पुरतो. मग एका पानाचं टिपण करा. लोकसंख्येचे निकष हाताशी ठेवा : सपाट भागात ३०,००० लोकांमागे आणि आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आमदारांपेक्षा त्यांच्या स्वीय सहायकाला भेटा, कारण प्रश्नाचा मसुदा बहुतेक ठिकाणी तेच टाइप करतात. भाषण करू नका, मसुदाच द्या. रुग्णाचं नाव कधीही लिहू नका.

आमच्या भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयाची गोष्ट सांगते. तिथे क्ष-किरण यंत्र आलं होतं, पण ते चालवणारा तंत्रज्ञ नव्हता. हात मोडलेल्या माणसाला जीपने चाळीस किलोमीटर न्यावं लागे. आम्ही पहिल्यांदा प्रश्न दिला तो असा : ‘रुग्णालयात क्ष-किरण सुविधा उपलब्ध नाही, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही. यंत्र उपलब्ध आहे.’ कागदावर ते अगदी बरोबर होतं. यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा तसंच होतं.

पुढच्या अधिवेशनात त्याच आमदारांकडून दुसरा प्रश्न गेला : ‘मागील बारा महिन्यांत या यंत्रावर किती तपासण्या झाल्या, महिनानिहाय?’ लेखी उत्तरात बारा ओळी होत्या आणि प्रत्येकीसमोर ‘निरंक’, म्हणजे शून्य. त्या यादीची प्रत घेऊन आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटलो. त्यांनी शेजारच्या रुग्णालयातला तंत्रज्ञ आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. पूर्णवेळ पद अजून भरलेलं नाही. त्यासाठीचा तिसरा मसुदा तयार आहे. त्यात आकृतिबंधातलं, म्हणजे रुग्णालयाच्या ठरवून दिलेल्या पदांच्या यादीतलं, मंजूर पद, ते रिक्त झाल्याची तारीख आणि त्या पदाच्या वेतनाची समर्पित केलेली रक्कम, अशा तीनच गोष्टी विचारल्या आहेत.

उत्तरं वाचायला कुठे मिळतात?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि सभागृहाचं कार्यवृत्त ठेवलेलं असतं. अतारांकित उत्तरं यायला वेळ लागतो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाहत राहा. यादी उतरवून घेतली की तालुक्याचं नाव शोधा, मग ‘ग्रामीण रुग्णालय’, मग ‘रिक्त’. शेजारच्या तालुक्याला मिळालेलं उत्तरही वाचा. तिथे विभागाने एखादी गोष्ट मान्य केली असेल तर आपल्या प्रश्नात तिचा क्रमांक टाकता येतो.